टॉवेल-टोपीचा मान

१

घटस्फोट मिळाल्यावर मच्छिंद्रला मिळणार काय, हा रकाना श्यामलाबाईंनी तीनदा भरला आणि तीनदा खोडला.

डायरीच्या मागच्या पानांवर त्यांचा हा उद्योग चाले. आधी एका संस्थेत आणि मग कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून अठरा वर्षं काढल्यावर त्यांचा रडण्यावरचा विश्वास उडाला होता, शपथांवरचा त्याआधीच उडाला होता. लग्न मोडायला आलेला माणूस काय सांगतो ते त्या पुढच्या पानांवर लिहीत. त्याला काय मिळणार ते मागे.

पहिल्यांदा लिहिलं, ‘दुसरी बायको’. खोडलं. दुसरी तयार असलेला नवरा इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि पहिलीबद्दल उदार होऊन बोलतो. मच्छिंद्र टेम्पोच्या ग्रीसचे डाग घेऊन आला होता आणि औदार्य काही त्याला परवडणारं दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘पोटगी वाचेल’. खोडलं, प्रेमलानं एक पैसा मागितला नव्हता. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘सुटका’. तेही खोडलं. बायको दोन वर्षांपूर्वीच गेली म्हणतो, मग सुटका तर झालेलीच आहे. आता कोर्टाचा कागद कशाला हवा, आणि तोही एवढ्या घाईनं?

“बाई,” दारातून दिगंबर कारकून म्हणाला, “या महिन्यात तुमच्या निकाली फायली सात. शेजारच्या टेबलाच्या एकोणीस.”

“शेजारचं टेबल ऐकून घेत नाही, दिगंबर. त्यानं वेळ वाचतो.”

“साहेब विचारत होते.”

“साहेबांना सांगा, दोन वर्षांत मी स्वतःच निकालात निघणार आहे. निवृत्तीचा अर्ज मोजायचा असेल तर मोजा आठवा.”

दिगंबर हसला नाही. पुण्यात जन्मलेल्या माणसाला असली वाक्यं लहानपणापासून ऐकून माहीत असतात.

प्रकरण दिसायला सरळ होतं. वाघोलीचा मच्छिंद्र, बायको प्रेमला. प्रेमला शिरूरच्या पलीकडे माहेरी गेली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. ती परत आली नाही. जोडीदारानं कारणाशिवाय, दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध, सलग दोन वर्षं सोडून दिलं तर कायद्यानं घटस्फोट मागता येतो. मच्छिंद्रचं म्हणणं, चौऱ्याण्णवच्या पाडव्यानंतर धाकटा भाऊ भैरू तिला आणायला गेला आणि ती सर्वांसमक्ष नाही म्हणाली. प्रेमलाचं म्हणणं, भैरू आलाच नाही, कुणीच आलं नाही, ती आजही नांदायला तयार आहे.

गेला म्हणतो तो एकटा भैरू. आला नाही म्हणते ती एकटी प्रेमला. तिच्या बापाचं म्हणणं कोण धरणार? दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलत होता. आणि दोघंही चांगली माणसं दिसत होती, ही खरी कटकट होती.

२

प्रेमला सव्वीस वर्षांची, दहावी पास. खुर्चीच्या कडेवर बसली होती, लगेच उठायला सांगतील अशा बेतानं.

“तुम्हाला नक्की काय हवंय?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“मी सोडून गेले असं कागदावर यायला नको, मॅडम. न्यायला आले असते तर मी त्याच पावली गेले असते. गावात म्हणतात, हिच्यातच काही तरी असंल. आता कोर्टानंही तसंच लिहिलं तर मी कुणाकुणाचं तोंड धरू?”

“न्यायला कुणी आलं नाही, तर आपणहून का नाही गेलात? शिरूरहून वाघोली काही लंडन नाही. एस्टी जाते.”

प्रेमलानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. श्यामलाबाईंना आपला प्रश्न फारच शहरी वाटला.

“सासरचं माणूस आल्याबिगर लेक पाठवली तर बापाची मान खाली जाते. बाबा म्हणाले, थांब, येतील. मी दोन पत्रं टाकली यांच्या नावानं. आत्याला वाचता येत न्हाय, म्हणून यांच्या नावानं.” सासूला ती आत्या म्हणायची. “पहिलं वैशाखात. दुसरं जेष्ठात, आईचा दुसरा डोळा झाला तवा. लिहिलं, आता दोन्ही डोळे झाले, माझं इथलं काम संपलं, कुणाला तरी पाठवा.”

“उत्तर?”

“न्हाय.”

“पाडव्याला तुम्ही माहेरीच होतात?”

“होते की. आमच्या दारात गुढी न्हवती त्या साली. ओट्यावर बसून शेजारच्यांची बघितली.” ती थोडी हसली. “वाघोलीत आत्या माझ्याकडूनच गुढी उभारून घ्यायच्या. म्हणायच्या, तुझा हात सरळ हाय, माझी कलती.”

श्यामलाबाईंनी गुढीचं लिहून घेतलं, पण बिचारी, एवढ्याच अर्थानं. मग विचारलं, “सासूशी तुमचं भांडण होतं?”

“आत्याशी?” प्रेमलाला प्रश्न कळलाच नाही. “त्यांनीच तर मला ठेवलं असतं.”

३

भैरू बावीस-तेवीस वर्षांचा, थोराड, लाजरा. खोटं बोलणारी माणसं श्यामलाबाईंकडं सरळ बघतात. भैरू टेबलाकडं बघत होता. त्यामुळं तो खरा वाटला.

“कोणत्या दिवशी गेला होतात?”

“पाडव्याच्या चौथ्या दिवशी. आईनं धाडलं. सकाळच्या एस्टीनं.”

“आणि मग?”

“मग काय, गेलो. पाव्हण्यांनी पायावर पानी दिलं. चहा झाला. वहिनीच्या बापानं कुंकू लावलं, टॉवेल-टोपी केली. मग म्या म्हनलं, वहिनीला न्यायला आलोय. तर म्हनले, पोरगी येत न्हाय.”

“वहिनी स्वतः काय म्हणाल्या?”

“त्यापन म्हनल्या, येत न्हाय.”

“का ते विचारलंत?”

“दिरानं कसं इचारायचं?”

“म्हणजे टोपी आधी आणि नकार नंतर.”

“व्हय.”

“बरं झालं. उलट झालं असतं तर टोपी डोक्यावर राहिली नसती.” श्यामलाबाई थकून म्हणाल्या. “ती टोपी आहे अजून?”

भैरूचा चेहरा पहिल्यांदा उजळला. “आईनं ठिवलीया. बघा की पायजे तर.”

वस्तू होती! श्यामलाबाईंनी पेन खाली ठेवलं. प्रेमलाच्या बाजूनं नुसते शब्द, भैरूच्या बाजूनं एक टॉवेल आणि एक टोपी. कोणत्याही कोर्टात टोपीच जिंकली असती.

४

मच्छिंद्र बोलायला तयार होता, फार तयार.

“पंधरा एप्रिल, शुक्रवार,” विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं.

“तुमचा भाऊ पाडव्याचा चौथा दिवस म्हणतो, बायको वैशाख-ज्येष्ठ म्हणते. तुम्ही तारीख-वार सांगता. पाठ आहे?”

“वकिलांनी सांगितलं, तारीख पक्की पाहिजे.”

“भाऊ नकार घेऊन आला. मग तुम्ही स्वतः गेलात?”

“कशाला? अपमान करून घ्यायला?”

“चार जाणती माणसं घेऊन बैठक बसवलीत?”

“तिला यायचंच नव्हतं, मॅडम. आईच्या डोळ्याचं निमित्त. एक डोळा झाला, मग दुसरा काढला. निमित्ताला काय तोटा! तिसरा डोळा असता तर तोही केला असता.”

विनोद बरा होता. श्यामलाबाई जराशा हसल्यासुद्धा.

“तिनं पत्रं टाकली होती म्हणते. दोन.”

“एकही नाही. आमच्याकडं पोस्टाचा सगळा आनंदच आहे.”

त्याच्या काखेत प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात खाकी पाकीट. बोलताना त्यानं ते दोनदा चाचपलं. श्यामलाबाईंनी चौथ्यांदा रकाना उघडला आणि काही न लिहिता मिटला.

५

सरूबाईला, दोघा भावांच्या आईला, खरं तर बोलवायची गरज नव्हती. पण ती बाहेर बाकावर बसलीच होती.

“तुम्ही का आलात आजी, एवढ्या लांब?”

“पोरानं आणलं. इथलं झालं की फुडं अंगठा द्यायला जायाचंय. हिरीवरच्या मोटारीचा मीटर बदलायचाय म्हनं. त्याचा कागद हाय.”

“सून कशी होती?”

सरूबाईनं पदराचं टोक चुरगाळलं. “काय सांगू बाई. गुणाची व्हती. समदा कागद वाचून दाखवायची. पट्टीचा, सोसायटीचा, समदा. एकदा मच्छिंद्रानं जमिनीचा कागद आणला, हिनं वाचला आन म्हनली, आत्या, ह्यात इक्री लिव्हलीया. म्या अंगठा न्हाय दिला. मच्छिंद्र चार दिस जेवला न्हाय.” ती थांबली. “मग ती आईच्या डोळ्याला गेली ती गेलीच. एक डोळा तो किती दिस चालतो? म्या भैरूला धाडला. भाडं मोजून दिलं, जाया-यायाचं. त्याच्या खिशात म्या जास्त ठेवत न्हाय, सवय वंगाळ.”

“एक डोळा म्हणालात?”

“एकच की. उजवा.”

“आणि ती गेल्यावर कागद कोण वाचतं?”

“कोन वाचनार? मच्छिंद्र म्हनंल तिथं अंगठा. उगवतीचं एकर गेलं तसंच. म्हनला, पट्टीचा कागद हाय. मागनं कळलं.” तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “पर पाव्हनं मानाचं हो. लेक धाडली न्हाय, पर भैरूला टॉवेल-टोपी केली. रिकामा न्हाय पाठवला.”

श्यामलाबाईंनी रकाना उघडला. या वेळी त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘जमीन’, आणि तो खोडला नाही.

पण टोपी अजून भैरूच्या बाजूनं होती. त्या उठल्या, गुडघे धरून व्हरांड्यात आल्या. प्रेमला टोकाच्या खांबाला टेकून उभी होती.

“त्या साली गुढी का नव्हती तुमच्या दारात?”

“सुतक होतं, मॅडम. आदल्याच दिवशी भावकीतले गेनबा आजोबा वारले. दहा दिवस समद्या भावकीला.”

“वाघोलीला कळवलं होतं?”

“लांबची भावकी. एवढ्यासाठी सासरी कोण कळवतं? ग्रामपंचायतीत नोंद हाय बघा.”

श्यामलाबाई खांबाला टेकल्या. मग दिगंबरला हाक मारली. “चौघांनाही आत घ्या. आणि तुमची आठवी फाईल होते का बघू.”

६

खोलीत खुर्च्या तीन, माणसं चार. भैरू उभा राहिला.

“इथं बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून जात नाही,” श्यामलाबाईंनी सुरुवात केली. “तेव्हा मी काय सांगते त्यानं कुणाला तुरुंग होणार नाही. येरवड्यात आधीच जागा नाही. पण सांगते.

“भैरू, तुम्ही पाडव्याच्या चौथ्या दिवशी गेलात. पाणी मिळालं, चहा मिळाला, कुंकू लागलं, टॉवेल-टोपी झाली. बरोबर?”

“व्हय.”

“त्या दिवशी त्या घरात सुतक होतं. पाचवा दिवस. आजी, सुतकाच्या घरात पाहुण्याला कुंकू लावून टोपी करतात?”

सरूबाईचा हात तोंडाकडं गेला. “अवो, पानी पन घेत न्हाईत.”

“घेत नाहीत. तुम्ही गेला असतात, भैरू, तर दारातच कळलं असतं. नुसतं सांगितलं असतंत, गेलो, नाही म्हणाले, आलो, तर मी आजही तुम्हालाच खरं मानलं असतं. पण सोयऱ्यांच्या दारातून मानाशिवाय परत आलो, असं आईला सांगवेना. खोट्यातसुद्धा तुम्ही स्वतःचा मान करून घेतलात. तो कुठल्या दुकानातून?”

भैरू टेबलाकडं बघत राहिला. श्यामलाबाईंना आता कळलं की खरं बोलताना आणि खोटं बोलताना तो टेबलाकडंच बघत असणार.

“भैऱ्या,” सरूबाई म्हणाली, “म्या तुला भाडं दिलं व्हतं. टोपीला पैका कुठला?”



“दादानं घिऊन दिली,” भैरू म्हणाला. “बुधवार पेठंत. म्हनला, दिसभर हितंच फिर, सांजच्याला घरी ये. शिनेमा बघितला. रस्त्याला गाळा काढून देतो म्हनला मला.”

“याचं डोकं ठिकाणावर नाही,” मच्छिंद्र उठला. “ह्यानंच फसवलं मला. मला काय माहीत हा गेला का नाही? मी तर समजत होतो की—”

“बसा. तुम्हाला भाऊ एकट्यानं फसवत असता तर पुढं आलेल्या पत्रांनी तुम्हाला जागं केलं असतं. ती आलीच नाहीत म्हणता. मग दुसरा डोळा तुम्हाला कुठून कळला?”

“कुठला दुसरा डोळा?”

“एक डोळा झाला, मग दुसरा काढला. तुमचेच शब्द. दुसरं ऑपरेशन ज्येष्ठात झालं. तोवर दोन्ही घरांत येणं-जाणं बंद. तुमच्या आईला आजही एकच डोळा ठाऊक आहे. दुसऱ्याची बातमी वाघोलीत एकाच वाटेनं आली असणार, प्रेमलाच्या दुसऱ्या पत्रातून. ते तुमच्या नावानं होतं. तुम्ही वाचलंत.”

मच्छिंद्र खाली बसला. रागावलेलाही दिसला नाही. दिवसभर टेम्पो चालवून आल्यासारखा दिसला.

“का पण?” प्रेमलानं विचारलं. सगळ्यात हळू तिचाच आवाज होता. “मी काय केलं होतं?”

उत्तर श्यामलाबाईंनी दिलं. “त्यांना बायको नकोशी झाली नव्हती. घरात वाचता येणारं माणूस नको होतं.”

“पाकिटात काय हाय?” सरूबाईनं विचारलं.

“मीटरचा कागद, आई.”

“आण.”

“इथं कशाला—”

“आण म्हनते न्हवं.” तिनं पिशवी ओढून घेतली आणि तिच्याकडं न बघताच प्रेमलाच्या मांडीवर ठेवली.

प्रेमलानं पाकीट लगेच उघडलं नाही. मग उघडलं आणि वाचायला लागली. सपाट आवाजात, एकेक ओळ, दोन वर्षांपूर्वी ओसरीवर बसून वाचत असेल तशी. कुलमुखत्यारपत्र. लिहून देणार सरूबाई. लिहून घेणार मच्छिंद्र. विहिरीसह राहिलेली सगळी जमीन विकण्याचा, रक्कम घेण्याचा, पावती देण्याचा पूर्ण अधिकार. मीटर कुठंच नव्हता.

“सगळ्यांचीच जमीन चाललीय!” मच्छिंद्र एकदम म्हणाला. “रस्त्याला कॉलेजं येतायत, सोसायट्या येतायत, आम्हीच काय ज्वारी पेरत बसायचं? भैरूला गाळा, आईला फ्लॅट, सगळं देणार होतो. घेणाऱ्याचा वकील म्हणाला, तुमची बायको उद्या उभी राहून हरकत घेईल, आधी तिचा निकाल लावा. मी काय वाईट करत होतो?”



सरूबाईनं कागद घेतला, घडी घातली आणि कमरेला खोचला. अंगठा तिनं मुठीत मिटून घेतला होता. मग ती प्रेमलासमोर उभी राहिली.

“चल घरी. म्या आलेय न्यायला.”

श्यामलाबाईंनी अठरा वर्षांत खूप तडजोडी बघितल्या होत्या. सासू सुनेला न्यायला उभी, हे त्यांनी बघितलं नव्हतं. दिगंबर दारातच थांबला होता, हातात रजिस्टर. तोसुद्धा ते मिटायला विसरला.

प्रेमलानं सासूचा हात धरला. “आत्या, तुम्ही त्या चैतात आला असता तर मी चपला न घालता आले असते. रोज दुपारच्या एस्टीला मी ओट्यावर यायची. आता तुम्हाला बघून जीव तुटतोय, पण पाय निघत न्हाय. जो माझी दोन पत्रं वाचून गप बसला, त्याला मी जेवायला कसं वाढू?”

“माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी कागद वाचून देईन. कधीबी. नांदायला येत न्हाय.”

आणि मग ती श्यामलाबाईंकडं वळली. “आता येत न्हाय असं मीच म्हणतेय. पण सोडून गेले असं लिहू नका.”

“नाही लिहिणार,” श्यामलाबाई म्हणाल्या. “सकारण येत नाही म्हणणं म्हणजे सोडून जाणं नव्हे. मच्छिंद्र, हा अर्ज मागे घ्या. संमतीचा करा दोघांनी मिळून. नाही तर त्या ग्रामपंचायतीचा उतारा आणून तुम्हाला साक्षीत विचारतील, आणि तिथं भैरू पुन्हा टेबलाकडं बघेल.”

७

पंधरवड्यानं संमतीचा अर्ज झाला. त्यात लिहिलं होतं, उभयता स्वखुशीने विभक्त राहत आहेत. प्रेमलानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ‘स्वखुशीने’ या शब्दापाशी तिचं बोट थांबलं. तिनं श्यामलाबाईंकडं बघितलं. श्यामलाबाईंनी खांदे उचलले. तिनं सही केली.

खरं काय झालं ते कोर्टाच्या कुठल्याच कागदावर आलं नाही. भैरूनं कुणाला फसवलं, पत्रं कुणी दाबली, याची कुठंही नोंद नाही. शिरूरकडं अजून काही जण म्हणतात, तिच्यातच काही तरी असंल. वाघोलीत म्हणतात, पोरगी शिकलेली होती, टिकली नाही.

त्या संध्याकाळी खिडकी लावून घेताना श्यामलाबाईंनी डायरीची मागची बाजू काढली आणि हिशेब पुरा केला.

दिगंबर: एक निकाली फाईल.

मच्छिंद्र: घटस्फोट मिळेल, सहा महिन्यांनी. मुखत्यारपत्र नाही. जमीन घेणारा शेजारच्या बांधावर गेला आहे.

भैरू: गाळा नाही. आई आता भाडंसुद्धा हातात देत नाही, तिकीट स्वतः काढून देते.

मिळकतीची बाजू इथं संपली. पलीकडच्या बाजूला त्यांनी भरणाऱ्यांची नावं लिहिली. मच्छिंद्रचं किंवा भैरूचं नाव तिथं लिहावं असं त्यांना काही सापडेना.

सरूबाई: उगवतीचं एकर, आणि दोन मुलगे असलेल्या घरात एकटीचं जेवण.

प्रेमला: दोन वर्षं, आणि एक घर, जे तिनं सोडलं नव्हतं.